मराठी रिअ‍ॅलिटी शोच्या निर्मात्यांना खुले पत्र : कॅमेरा नीट दाखवा, नाहीतर नीट लपवा

प्रति,
मराठी वाहिन्यांवरच्या गाण्याच्या, नाचाच्या आणि 'घरा'तल्या ('बिग बॉस'सारख्या) रिअ‍ॅलिटी शोचे निर्माते, दिग्दर्शक आणि कॅमेरा विभाग यांस,

सप्रेम नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातून दर हंगामात पोरं-पोरी तुमच्या ऑडिशनला येतात. बहुतेकांना सोयीचं केंद्र म्हणजे कोल्हापूर. तिथे निवड झाली की पुढचा मुक्काम मुंबई. यातली बरीचशी भजनी मंडळातून, गणपतीतल्या स्पर्धांतून, शाळेच्या स्नेहसंमेलनातून तयार झालेली असतात. गावच्या मंडपात हजार माणसांपुढे बिनधास्त गाणारी मुलगी तुमच्या सेटवर पहिल्याच ओळीला आवाज चोरते आणि 'नर्व्हस झाली' असं म्हणून विषय संपतो. आम्ही या भागात कॅमेरा, ध्वनी आणि प्रकाशाचं काम करणारी माणसं आहोत. आमच्यातले काही जण या मुलांना गाणं-नाच शिकवतात. आमचं म्हणणं एवढंच, की त्या घाबरण्याचा मोठा भाग कॅमेरा कुठे ठेवला, तो कधी हलला आणि स्पर्धकाला त्याच्याबद्दल काय सांगितलं यातून येतो. आणि या तिन्ही गोष्टी तुमच्या हातात आहेत.

कॅमेरे लपवा अशी आमची मागणी नाही. समोर उघडा ठेवलेला, जागेवरून न हलणारा, काय टिपतोय हे माहीत असलेला कॅमेरा माणूस लवकर विसरतो. अजिबात न दिसणारा, पण आहे हे आधी सांगितलेला कॅमेराही विसरता येतो. त्रास देतो तो मधला. काळ्या कापडाच्या फटीतून चमकणारी काच, अचानक पेटणारा लाल दिवा, डोक्यावरून येणारी सावली. तुमच्या सेटवरचे निम्मे कॅमेरे या मधल्या प्रकारातले असतात.

सुरुवात जिमी जिबपासून, म्हणजे लांब दांड्याच्या टोकावर बसवून वर-खाली फिरवायच्या कॅमेऱ्यापासून करू, कारण गाणाऱ्याला सगळ्यात जास्त तोच नडतो. जिबचा दांडा पंधरा-वीस फुटांवरून खाली उतरतो आणि स्पर्धकाच्या चेहऱ्यासमोरून सहा-आठ फुटांवरून सरकतो. वरून दिवे असल्यामुळे दांड्याच्या आधी त्याची सावली येते. गाणारा ती सावली पाहतो, मान किंचित मागे जाते, श्वास अर्धवट घेतला जातो आणि ओळीच्या शेवटी दम कमी पडतो. पडद्यावर दिसतं ते एवढंच, की सूर उतरला. दिग्दर्शकाला जिब नेमका अंतऱ्याच्या पहिल्या ओळीवर हवा असतो, कारण तिथे गाणं उघडतं आणि शॉट भव्य दिसतो. पण गाणाऱ्याला सगळ्यात मोठा श्वासही तिथेच घ्यायचा असतो. उपाय साधा आहे. मुखडा आणि अंतरा यांच्यामधल्या वाद्यांच्या तुकड्यात जिब खाली आणा, अंतरा सुरू होईपर्यंत तो थांबलेला असू द्या, आणि ओळ समेवर आली की मग वर न्या. शॉट तोच मिळतो, श्वास वाचतो. जिब चालवणाऱ्याला गाण्याचा कागद मात्र आधी द्यावा लागेल. तो बऱ्याच ठिकाणी दिला जात नाही.

याच्याच जोडीला एक गैरसमज आहे, तो काढून टाकला तर अर्धं काम होतं. स्पर्धकाला वाटतं, जवळ आलेला कॅमेरा म्हणजे क्लोजअप. खरं तर जवळून जाणारा जिब बहुतेक वेळा वाइड लेन्सवर असतो. त्यात स्पर्धक, मंच, वादक, मागचा पडदा सगळं मावतं. चेहरा भरून टिपणारा कॅमेरा चाळीस-पन्नास फुटांवर, प्रेक्षकांच्या मागे अंधारात तिकाटण्यावर (ट्रायपॉडवर) उभा असतो, आणि त्याच्याकडे कुणाचं लक्षही नसतं. हे तोंडाने सांगून पटत नाही. मुलाला एकदा त्या मागच्या कॅमेऱ्याजवळ न्या, मंचावर दुसऱ्या कुणाला उभं करा आणि व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे कॅमेरामन बघतो त्या छोट्या पडद्यात, बघू द्या. मग जिबच्या मॉनिटरवर तोच माणूस केवढा दिसतो ते दाखवा. दोन मिनिटांचं काम आहे. जिबची धास्ती तिथेच निम्मी होते.

परीक्षकांच्या मागचे कॅमेरे हा वेगळा घोळ. स्पर्धक परीक्षकांशी बोलत असतो आणि लेन्स परीक्षकाच्या खांद्यावरून डोकावत असते. वीस फुटांवरून पाहताना परीक्षकाचा चेहरा आणि त्याच्या फूटभर बाजूची लेन्स यांत जेमतेम तीन अंशांचा फरक असतो. डोळे त्या दोहोंमध्ये खेळत राहतात आणि प्रेक्षकांना मूल खोटारडं किंवा बावरलेलं वाटतं. कॅमेरा दुप्पट अंतरावर न्या आणि लेन्सची फोकल लेंग्थ दुप्पट करा, म्हणजे दुप्पट झूम. चेहरा तेवढाच मोठा येतो. अडचण अशी, की हाताचा बारीक हादराही दुप्पट दिसतो, म्हणून तिकाटणं जड लागतं आणि कॅमेरामनचा प्लॅटफॉर्म प्रेक्षकांच्या फळ्यांपासून सुटा लागतो. नाहीतर टाळ्यांबरोबर फ्रेम हलते. कॅमेऱ्यापुढे काळं मास्किंग (आडोशाचं कापड), कॅमेरामनच्या अंगावर काळे कपडे, आणि लेन्सच्या कडेवर दिव्याची तिरीप पडणार नाही एवढी काळजी. यात महाग काहीच नाही.

आता तो लाल दिवा. कुठला कॅमेरा चालू आहे हे सांगणारी टॅली मुळात सूत्रसंचालकासाठी आणि वृत्तनिवेदकासाठी. स्पर्धकाला तिचा काही उपयोग नाही, उलट तोटा आहे. निकालाच्या वेळी तिघे रांगेत उभे असतात. एकाच्या समोरची टॅली पेटते, त्याची हनुवटी आपोआप वर जाते, ओठ दाबले जातात. शेजारच्या दोघांना कळतं की निकाल आपला नाही. सूत्रसंचालकाने नाव घेण्याआधीच तिघांना उत्तर मिळालेलं असतं, आणि तुम्ही ज्या प्रतिक्रियेसाठी एवढा विराम ताणता ती प्रतिक्रिया आधीच वाया गेलेली असते. बहुतेक स्टुडिओ कॅमेऱ्यांवर पुढची टॅली बंद करायचं वेगळं बटण असतं. व्ह्यूफाइंडरमधली चालू राहते, म्हणून कॅमेरामनचं काहीच अडत नाही. बटण नसेल तर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा पुरतो. सूत्रसंचालकाच्या एका कॅमेऱ्यावर टॅली ठेवा, बाकी सगळ्या झाका.

नाचाच्या कार्यक्रमांत गिंबल (चालताना कॅमेरा स्थिर धरणारं हातातलं यंत्र) घेऊन मंचावर फिरणारा कॅमेरामन असतो. तो अंगावर येतोय की काय, या भीतीने नाचणारा गिरकी आखडती घेतो, आणि परीक्षक 'जागा वापरली नाहीस' म्हणून गुण कापतात. मंचावर सहा फुटांची मोकळी हद्द ठरवा आणि ती टेपने आखा. टेप चकचकीत नको, मॅट हवी. एलईडी फ्लोअरच्या उजेडात साधी पांढरी टेप दिसतच नाही, म्हणून फ्लोअरवर जो रंग चालणार आहे त्याच्या उलट रंगाची निवडा आणि तो रंग लावूनच तपासा. लावणी करणाऱ्या मुलींसाठी आणखी एक. नऊवारीत माइकचा ट्रान्समीटर खोचायला जागा नसते. घाईत तो काष्ट्याजवळ अडकवला की प्रत्येक बैठकीला टोचतो आणि मुलगी बैठक अर्धी सोडते. कमरेला आतून रुंद इलॅस्टिकचा पट्टा बांधा, ट्रान्समीटर पाठीच्या कण्याच्या थोडा बाजूला ठेवा, घामापासून वाचवायला प्लास्टिकचं पातळ आवरण घाला, आणि साडी नेसवायच्या आधी हे सगळं करा. नेसून झाल्यावर केलेलं काम टिकत नाही.

मंचाच्या समोर किंवा बाजूला मोठा पडदा असतो आणि त्यात स्पर्धकाला स्वतःचाच चेहरा दिसतो. आमच्या मते हा सेटवरचा सगळ्यात निरर्थक अडथळा आहे. सेकंदाला पंचवीस फ्रेम धरल्या तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. कॅमेरा, स्विचर (कॅमेरे बदलणारं यंत्र), पडद्याचा प्रोसेसर यांतून चित्र जाताना तीन-चार फ्रेमचा उशीर सहज होतो, म्हणजे १२० ते १६० मिलिसेकंद. गाणाऱ्याला आपले ओठ उशिरा हललेले दिसतात, नाचणाऱ्याला आपला हात ठेक्याच्या मागे पडलेला दिसतो, आणि दोघेही नकळत ती चूक 'सुधारायला' जातात. आवाजाचंही तसंच. हॉलच्या मागच्या स्पीकरचा आवाज चौतीस मीटरवरून यायला सुमारे १०० मिलिसेकंद घेतो. स्वतःचा आवाज २०० मिलिसेकंदांच्या आसपास उशिरा कानावर पडला की धडधाकट माणूसही बोलताना अडखळतो. प्रयोगशाळेत हे १९५० पासून दाखवून दिलेलं आहे. तेव्हा स्पर्धकाच्या नजरेतल्या पडद्यावर त्याचा चेहरा नको, फार तर एखादी स्थिर नक्षी. कानातला मॉनिटर (स्वतःचं गाणं ऐकवणारा छोटा इअरफोन) द्या, पण भजनाच्या मुलांना दोन्ही कानांत एकदम नको. त्यांनी हार्मोनियम आणि पखवाज बाजूला ठेवून, खोलीचा आवाज ऐकत गायलेलं असतं. दोन्ही कान बंद झाले की त्यांना आपलाच आवाज परका वाटतो आणि ती ओरडून गातात. आधी एका कानात, आणि निदान चार-पाच तालमी तशा.

आता गाणं बदलण्याबद्दल. हा मुद्दा कॅमेऱ्याचा वाटत नाही, पण आहे. १९६५ साली रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने मांडलं की बघणारं कुणी असलं की अंगात मुरलेलं काम अधिक चांगलं होतं, आणि अजून न बसलेलं काम बिघडतं. पुढे १९६९ मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे झुरळांवरही तपासलं. इतर झुरळं बघत असताना झुरळ सरळ वाटेने जास्त वेगाने पळालं, वळणाच्या वाटेत मात्र त्याला जास्त वेळ लागला. झुरळाचं नाव ऐकून हसू नका. तुमच्या सेटवर रोज हेच होतं. तीन वर्षं घोटलेला अभंग कॅमेऱ्यापुढे खुलतो. आदल्या रात्री हातात दिलेलं सिनेमाचं गाणं, तेही पट्टी काळी चारवरून काळी पाचवर नेलेलं, त्याच कॅमेऱ्यापुढे कोसळतं. गाणं बदलायचं तर चित्रीकरणाच्या आधी चार दिवस बदला. पट्टी बदलायची तर दोन दिवस. नवी हरकत (गाण्यातली सुरांची छोटी नक्षी) त्याच सकाळी घालूच नका. ती बसली की नाही याचा निवाडा तालमीच्या खोलीत करू नका, कारण तिथे कॅमेरा नसतो. साधा एक कॅमेरा तिकाटण्यावर लावून तालीम घ्या. खोट कुठे आहे ते लगेच दिसतं.

'घरा'तल्या कार्यक्रमांचं गणित निराळं. नेदरलँड्समध्ये १९९९ साली सुरू झालेला हा प्रकार हिंदीत २००६ मध्ये, कन्नडमध्ये २०१३ मध्ये आणि मराठीत २०१८ मध्ये आला. आमच्याकडच्या घरांत मराठी आणि कन्नड दोन्ही आवृत्त्या बघितल्या जातात, त्यामुळे इथून जाणारा स्पर्धक आधीच शंभर भाग बघून, कुठल्या कोपऱ्यात बोललं की दाखवतात याचा हिशेब करून गेलेला असतो. भिंतीवरचे रिमोटवर फिरणारे कॅमेरे हा हिशेब पक्का करतात. कॅमेऱ्याचं डोकं कुणाकडे वळलं, की 'गोष्ट तिकडे आहे' हे बाकीच्यांना समजतं. मग कुणी आवाज चढवतो, कुणी रडायला त्या बाजूला जाऊन बसतो. काळसर काचेचा घुमट लावला तर डोकं कुठे वळलंय ते दिसत नाही. उजेड साधारण एका स्टॉपने, म्हणजे निम्म्याने, कमी होतो, तेवढं सोसा.

आरशामागच्या कॅमेऱ्यांबद्दल थोडक्यात. असा आरसा खोली उजळ आणि मागची बोळ काळोखी असेल तोवरच आरसा असतो. मागे मॉनिटर उजळ ठेवला, कुणी मोबाइल काढला, बोळीचं दार उघडलं, की काचेत माणसाचा आकार उमटतो. एकदा तो दिसला की स्पर्धक त्या आरशाला पाठ करून बसतात आणि तो कॅमेरा हंगामभर फुकट जातो. दाराला एकाआड एक असे दोन जाड पडदे हवेत. बोळीत फोन बंद. आणि खोकला आला तर बाहेर जायची मुभा, कारण काचेतून आवाजही येतो.

कॅमेरामागचं माणूस हे कॅमेऱ्यापेक्षा जड असतं, हे आम्हाला गावातल्या शूटवर कळतं. तुमची माणसं 'एव्ही' (स्पर्धकाची ओळख करून देणारी छोटी फिल्म) करायला खानापूर तालुक्यातल्या एखाद्या गावात येतात. गल्ली गोळा होते, शेजारच्या छपरावर पोरं चढतात. मुलीला बांधावरून चालवतात, आईला चुलीपुढे बसवतात (घरात गॅस असला तरी). मग प्रश्न येतो, 'वडिलांनी किती कष्ट केले?' मुलगी आपल्या बोलीत, अध्येमध्ये कन्नड शब्द टाकत छान सांगते. मागून कुणीतरी म्हणतं, 'शुद्ध बोल, परत घेऊ.' दुसऱ्या टेकला ती पाठ्यपुस्तकासारखं बोलते, तिसऱ्याला रडायचं कुठे ते तिला कळलेलं असतं. पहिलाच टेक वापरा. एखादा शब्द अडलाच तर खाली मराठीत पट्टी द्या. प्रश्न विचारणाऱ्याने कॅमेऱ्याशेजारी उभं न राहता मुलीच्या शेजारी, तिच्याच उंचीवर बसावं. कॅमेरा सुरू करून कॅमेरामनने बाजूला व्हावं. बघ्यांना पांगवायचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे त्यांचा एक शॉट आधीच घेऊन टाकणे. आणि घराच्या जुन्या वायरिंगवर मोठे हॅलोजन लावू नका. फ्यूज उडाला की सगळा गाव धावत येतो. बॅटरीवरचे दोन एलईडी पॅनल भागवतात. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडे आलात तर गाडीतल्या एसीतून काढलेल्या लेन्सवर वाफ धरते. बॅग बंद ठेवून अर्धा तास थांबा, आणि तेवढ्या वेळात कॅमेरा न काढता घरच्यांशी बोला. पुढची मुलाखत चांगली होण्याला तो अर्धा तास जास्त कारण असेल.

ऑडिशन केंद्रावर दाराबाहेर उभा केलेला कॅमेरा मात्र बंदच करावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. आतून बाहेर आलेल्या मुलाच्या तोंडापासून तीन फुटांवर लेन्स आणि 'काय वाटतंय?' रांगेतले बाकीचे ते बघत असतात. त्यांचा नंबर येईपर्यंत उडी कशी मारायची, रडायचं कसं, देवाला हात कधी जोडायचे हे ठरलेलं असतं. मग तुम्हीच तक्रार करता की सगळे एकसारखे वागतात. तो शॉट हवाच असेल तर पंधरा फूट लांबून घ्या, आणि प्रश्न दहा मिनिटांनी विचारा.

मुलांच्या बाबतीत कायदा आहे, आणि तो आमच्या पालकांना कुणी सांगत नाही. बालकामगार कायद्यात २०१६ साली झालेली दुरुस्ती आणि त्यावरचे २०१७ चे नियम यांनुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. सलग २७ दिवसांहून अधिक काम नाही. पाच मुलांमागे निदान एक जबाबदार व्यक्ती. मिळकतीतला किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. मुलाच्या मर्जीविरुद्ध त्याला उभं करता येत नाही. आमचा प्रश्न विश्रांतीबद्दल आहे. मूल मेकअपच्या खोलीत डबा खात असताना रील्ससाठी कुणीतरी मोबाइल धरून उभा असतो, कॉलर माइक अंगावर चालूच असतो. त्या वेळेला विश्रांती म्हणता येत नाही. लेन्स समोर आहे तोवर मूल कामावर आहे असं धरा आणि ते तास पाचांत मोजा. मुलांच्या खोलीत एकही कॅमेरा नको, 'बिहाइंड द सीन'वाल्याचाही नको. खोलीत शिरताना ट्रान्समीटर काढून ध्वनीच्या माणसाकडे द्यायचा; नुसता म्यूट केलेला चालणार नाही, कारण म्यूट आहे की नाही हे मुलाला कळत नाही.

पहिल्या चित्रीकरणाआधी अर्धा तास द्या. कॅमेऱ्यांचं लाइन-अप आणि व्हाइट बॅलन्स (सगळ्या कॅमेऱ्यांचे रंग जुळवणं) चालू असतं तेव्हा सगळी माणसं जागेवर असतातच, त्यामुळे वेगळा खर्च नाही. स्पर्धकाला संगीताशिवाय मंचावर उभं करून प्रत्येक कॅमेरा नंबरासकट दाखवा. मागच्या कॅमेऱ्याचं आणि जिबचं चित्र बघू द्या. त्याचंच गाणं वाजवून जिब दोनदा पूर्ण फिरवा, म्हणजे सावली कुठून येते ते त्याला कळेल. आणि कुठल्याही कॅमेऱ्यात न येणारी एक जागा दाखवा, जिथे तो पाणी पिऊ शकेल, घाम पुसू शकेल. ही जागा मंचापासून दहा पावलांत हवी. लांब असली तर कुणी जात नाही.

शेवटचं काम कागदाचं. मुलांच्या चित्रीकरणाची परवानगी निर्मात्याने चित्रीकरण जिथे होतं त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडून घ्यायची असते. म्हणजे मूल बेळगावचं असलं तरी कागद मुंबई किंवा ठाण्यात राहतो आणि इथल्या पालकांना तो दिसतही नाही. निवडीच्या पत्रासोबत त्या परवानगीची आणि तुम्ही दिलेल्या हमीपत्राची प्रत पाठवा. सोबत सेटचा साधा नकाशा जोडा, ज्यात प्रत्येक कॅमेऱ्याची जागा आणि नंबर असेल. तो मिळाला तर आम्ही इथेच खडूने मंच आखून, जिबच्या जागी बांबू फिरवून मुलांची तालीम करून घेऊ.

आपले,
बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागात कॅमेरा, ध्वनी व प्रकाशाचं काम करणारे आणि गाणं-नाच शिकवणारे काही जण